बॅटरीचे १२ व्होल्ट आणि प्लगाची ठिणगी : जुन्या मोटारीच्या इग्निशनचा इतिहास

१/ जुन्या मोटारीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या कडेला एक काळी टोपी दिसते आणि तिच्यातून निघालेल्या पाच जाड काळ्या तारा. चार तारा चार प्लगांकडे जातात. मधली पाचवी तार एका धातूच्या नळकांड्याकडे जाते. हे नळकांडे म्हणजे इग्निशन कॉइल. बॅटरी देते अवघे १२ व्होल्ट. दाबलेल्या वायूतून ठिणगी उडवायला प्लगाला लागतात दहा-वीस हजार व्होल्ट. ही तफावत भरून काढण्यात पाऊणशे वर्षे गेली. त्या वर्षांचा हा थ्रेड.

२/ आरंभीच एक गोष्ट लक्षात घेऊ, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो. प्लगातली ठिणगी प्रवाह सुरू केल्याने पडत नाही. ती पडते प्रवाह तोडल्याने. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. प्रवाह अचानक तोडला तर ते क्षेत्र क्षणार्धात कोसळते आणि कोसळताना शेजारच्या वेटोळ्यात विजेचा दाब निर्माण करते. क्षेत्र जितके झटकन कोसळेल, तितका दाब मोठा. मायकेल फॅरेडेने १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, तेव्हाच ही गुरुकिल्ली हाती आली होती. तिचे कुलूप मात्र अजून कोणी घडवलेले नव्हते.

३/ पहिले कुलूप घडले एका धर्मशाळेत. आयर्लंडमधील मेनूथच्या सेमिनरीत निकोलस कॅलन नावाचे कॅथलिक धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवत. १८३६ मध्ये त्यांनी एका लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या चढवल्या : एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, दुसरी बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची. जाड गुंडाळीतील प्रवाह तोडला की बारीक गुंडाळीच्या टोकांशी जबर झटका बसे. व्होल्ट मोजण्याची साधने त्या काळी नव्हती, म्हणून झटक्याची ताकद विद्यार्थ्यांवरच अजमावली जाई. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले एक विद्यार्थी या प्रयोगात बेशुद्ध पडले, अशी कथा मेनूथमध्ये सांगितली जाते.

४/ कॅलन यांचे नाव बराच काळ विस्मृतीत गेले. श्रेय मिळाले ते पॅरिसमध्ये उपकरणे बनवणाऱ्या हाइनरिश रुमकोर्फला. १८५१ नंतर त्याने ही कॉइल इतकी सुबक आणि बळकट केली की साऱ्या युरोपात ती ‘रुमकोर्फ कॉइल’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. १८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ हिपोलित फिझो यांनी तिला एक लहानशी सुधारणा सुचवली : प्रवाह तोडणाऱ्या टोकांना समांतर एक कंडेन्सर जोडावा. हा कंडेन्सर ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांनंतर तो आपल्याला मुंबईच्या टॅक्सीत पुन्हा भेटणार आहे.

५/ (थोडे विषयांतर. हाइनरिश हर्ट्‌झने रेडिओलहरी सिद्ध केल्या आणि रेंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण पाहिले, ते याच जातीच्या कॉइलच्या आधारे. रेडिओ, क्ष-किरण आणि मोटारीचे इग्निशन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. आणि भावंडांप्रमाणेच ती भांडतातही. प्लगाची प्रत्येक ठिणगी हे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र असते. मोटारीत रेडिओ आला, तेव्हा इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत जाणारा कटकट आवाज त्यात ऐकू येऊ लागला. तो दाबण्यासाठी पुढे प्लगांच्या तारांत तांब्याऐवजी कार्बनचा रोधक गाभा घालू लागले.)

६/ आता इंजिनाकडे वळू. १८६० मध्ये पॅरिसमध्ये एतिएन लन्वार याने कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. वायू पेटवण्यासाठी त्याने बॅटरी, रुमकोर्फ कॉइल आणि चिनी मातीत बसवलेला प्लग वापरला. आजच्या प्लगाचा पूर्वज तो हाच. कल्पना योग्य होती. पण त्या काळच्या बॅटऱ्या दुबळ्या आणि तारांवरील आवरणे कच्ची.

७/ त्यामुळे पुढची पिढी विजेपासून दूरच राहिली. निकोलाउस ओटोच्या १८७६ च्या चार-धावी इंजिनात चक्क जळती ज्योत वापरली जाई. सरकत्या झडपेतून ती सिलिंडरमध्ये पोचवली जात असे. गोटलीब डाइमलरने धातूची एक नळी बाहेरून बर्नरने लाल तापवली आणि तिचे तोंड सिलिंडरमध्ये उघडले. दट्ट्याने मिश्रण दाबले की ते तापलेल्या नळीत शिरून पेटे. युक्ती साधी आणि टिकाऊ होती. पण मिश्रण नेमके कोणत्या क्षणी पेटेल, हे चालकाच्या हातात नव्हते. शिवाय पेट्रोलच्या गाडीत उघडा बर्नर घेऊन हिंडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

८/ कार्ल बेंझने मात्र विजेचा हट्ट सोडला नाही. २९ जानेवारी १८८६ रोजी पेटंटसाठी नोंदवलेल्या त्याच्या तीनचाकी मोटारीत बॅटरी, कॉइल आणि प्लग होते. इग्निशन हा मोटारीपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, असे तो म्हणत असे. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेली. शंभर किलोमीटरहून अधिक अंतराचा हा प्रवास इतिहासात गाजला. वाटेत इग्निशनच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा तिने मोज्याचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळून काम भागवले, असे सांगतात. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या लांब प्रवासातले एक बिघाडस्थळ हीच तार होती, हे योग्यच म्हणायचे.

९/ ‘केव्हा’ हा प्रश्न इतका महत्त्वाचा का? थोडे गणित करू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. ठिणगी पडल्यापासून ज्वाला मिश्रणभर पसरायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात, असे धरू. तेवढ्या वेळात इंजिनाचा दांडा ३६ अंश फिरून मोकळा होतो. म्हणजे दट्ट्या अगदी वर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर जोर येईपर्यंत तो खाली निघून गेलेला असणार. म्हणून ठिणगी आधीच टाकावी लागते. वेग वाढला की आणखी आधी. वेग उतरला की उशिरा. ज्योत आणि तापली नळी यांना हे जमणे शक्यच नव्हते. वेगवान इंजिन हवे असेल तर विजेला पर्याय नव्हता. १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द दियाँ-बूताँ यांनी बॅटरी, कॉइल आणि कॅमवर उघडझाप करणारी टोके वापरून हे दाखवूनही दिले.

१०/ अडचण बॅटरीची होती. ती वाटेत संपली की मोटार तिथेच उभी. यावर तोडगा काढला स्टुटगार्टच्या एका कार्यशाळेने. रॉबर्ट बॉशने ती १८८६ मध्ये सुरू केली. पुढच्याच वर्षी त्याने एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला : कायमच्या चुंबकांमध्ये फिरणारी गुंडाळी, म्हणजे स्वतःची वीज स्वतःच तयार करणारे यंत्र. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्रजी व्यावसायिकाच्या मागणीवरून तो एका द दियाँ-बूताँ तीनचाकीवर बसवला गेला. या पद्धतीत दोन टोके थेट सिलिंडरच्या आत एकमेकांपासून ओढून वेगळी केली जात आणि ठिणगी पडे. पुन्हा तेच : तोडणे. पण आगीच्या पोटात हलणारी टोके लवकर झिजत.

११/ बॉशचा अभियंता गोटलोब होनोल्ड याने जानेवारी १९०२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते या पूर्वार्धाचे शिखर आहे. त्याने तोडण्याची क्रिया सिलिंडरबाहेर काढली. मॅग्नेटोच्या फिरत्या गाभ्यावर बारीक तारेची दुसरी गुंडाळी चढवली, कंडेन्सर जोडला आणि हजारो व्होल्टचा दाब एका तारेने स्थिर प्लगापर्यंत नेला. आत हलणारे काहीच उरले नाही. बॉशच्या डब्यांवर वर्तुळात एक विचित्र आकृती असते, ती पाहिली असेलच. ती १९१८ मध्ये होनोल्डनेच सुचवलेली, त्याच मॅग्नेटोच्या गाभ्याची आकृती आहे.

१२/ आणि मग १९१४ चा ऑगस्ट उजाडला. ब्रिटनच्या लष्करी ट्रकांना, मोटारसायकलींना आणि विमानांना मॅग्नेटो हवे होते. आणि तोवर तिथे वापरले जाणारे बहुतेक मॅग्नेटो येत होते शत्रूच्या देशातून, स्टुटगार्टहून! साम्राज्याकडे कोळसा होता, पोलाद होते, आरमार होते. मुठीत मावेल एवढे ठिणगीचे यंत्र मात्र पुरेसे नव्हते. बर्मिंगहॅमची थॉमसन-बेनेट ही ते बनवणाऱ्या मोजक्या ब्रिटिश कंपन्यांपैकी एक. लुकास कंपनीने ती १९१४ मध्येच ताब्यात घेतली आणि युद्धाच्या गरजेपोटी हा उद्योग ब्रिटनला जवळजवळ शून्यातून उभा करावा लागला. अमेरिकेने युद्धात उतरल्यावर बॉशची तिथली मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त केली. पहिल्या महायुद्धाच्या इतिहासात तोफा आणि खंदक भरपूर येतात. मॅग्नेटोचा हा तुटवडा फारसा येत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

१३/ अमेरिकेत दरम्यान दोन वाटा फुटल्या होत्या. एक वाट हेन्री फोर्डची. १९०८ च्या मॉडेल टीमध्ये चाकावरच १६ चुंबक बसवून मॅग्नेटो केलेला होता आणि डॅशबोर्डवरील लाकडी पेटीत चार थरथरणाऱ्या कॉइल होत्या, प्रत्येक सिलिंडरला एक. चालू असताना या पेटीतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणाट येई. ठिणगी आधी की उशिरा, हे चालक स्टिअरिंगच्या डाव्या बाजूच्या दांडीने ठरवी. हँडल मारण्यापूर्वी ती दांडी ‘उशिरा’वर न्यायला विसरला तर इंजिन उलटे फिरून हँडल हातावर आदळे. मनगटाजवळचे हाड मोडण्याच्या या प्रकाराला वैद्यकशास्त्रात आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात.

१४/ दुसरी वाट चार्ल्स केटरिंगची, आणि आपल्या काळ्या टोपीपर्यंत हीच वाट येते. ओहायो राज्यातील डेटन शहरात केटरिंग कॅश रजिस्टरच्या कारखान्यात काम करत असे. सहकारी एडवर्ड डीड्स याच्या कोठारात कामाच्या वेळेबाहेर त्याने नवी इग्निशन पद्धत रचली. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांनी १९०९ मध्ये एकदम ८००० संचांची मागणी नोंदवली. ती पुरवण्यासाठी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी उभी राहिली. आद्याक्षरे जोडली की होते ‘डेल्को’. आपल्याकडच्या गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणणारे मेकॅनिक अजून भेटतात; स्पॅनिश भाषेत तर हा शब्द थेट शब्दकोशात गेला आहे. ओहायोतल्या कोठाराचे नाव असे जगभर पोचले.

१५/ केटरिंगने काय केले? थरथरणाऱ्या कॉइलच्या ठिणग्यांच्या वर्षावाऐवजी, नेमक्या क्षणी पडणारी एकच जोरकस ठिणगी. आणि सर्व सिलिंडरांसाठी मिळून एकच कॉइल. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचाच विजेवरचा स्टार्टर आला. त्याबरोबर बॅटरी आणि ती भरणारा जनरेटर मोटारीत कायमचे स्थिरावले. मॅग्नेटोचे बळ होते बॅटरीशिवाय चालण्यात. ते कारणच आता उरले नाही. १९२० च्या दशकात मोटारींतून तो झपाट्याने मागे पडला. (विमानांत मात्र टिकला. दट्ट्याचे इंजिन असलेल्या लहान विमानांत आजही बहुधा दोन-दोन मॅग्नेटो असतात, कारण हवेत बॅटरी संपली तर विमान रस्त्याच्या कडेला उभे करता येत नाही.)

१६/ केटरिंगची ही रचना पुढे साठ वर्षे जवळपास तशीच राहिली. तिचे उत्तम उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे : प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही मूळची फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे हीच गाडी. तिच्या बॉनेटखाली कॅलन, फिझो आणि केटरिंग एकत्र नांदत होते.

१७/ चावी फिरवली की बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीत जातो. तिच्यात जाड तारेचे काहीशे वेढे. तिथून तो डिस्ट्रिब्युटरमधल्या ‘पॉइंट’कडे येतो आणि गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र भरत राहते. विहिरीच्या पोहऱ्यात पाणी भरावे तसे, आणि त्याला तसाच थोडा वेळही लागतो. मग डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा कॅम पॉइंट उघडतो. फट जेमतेम ०.४ मिलिमीटरची. प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि सुमारे शंभरपट वेढ्यांच्या दुय्यम गुंडाळीत वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब उसळतो.

१८/ इथे फिझोचा कंडेन्सर कामी येतो. पॉइंट उघडताना प्रवाह सहजासहजी थांबायला तयार नसतो. फटीतून उडी मारून वाहतच राहू पाहतो. तसे झाले तर ठिणगी प्लगाऐवजी पॉइंटवरच पडेल आणि क्षेत्र कोसळण्याऐवजी हळूहळू ओसरेल. कंडेन्सर तो लोंढा क्षणभर आपल्या पोटात घेतो, तेवढ्यात फट पुरेशी रुंदावते आणि प्रवाह खाडकन तुटतो. अंगठ्याएवढा, अगदी स्वस्त भाग; पण तो गेला की पॉइंट काळे पडत, इंजिन अडखळे आणि चालकाला वाटे की कॉइलच गेली.

१९/ दुय्यम गुंडाळीचा दाब मधल्या जाड तारेने टोपीत येतो. टोपीच्या आत फिरणारा रोटर तो एकेका तारेला वाटून देतो. चार-धावी इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एकच ठिणगी लागते, म्हणून डिस्ट्रिब्युटरचा दांडा इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्रम १-३-४-२. तारा ओळीने १-२-३-४ अशा लावल्या तर गाडी चालू होत नाही. कार्बोरेटरमधून फटाके मात्र ऐकू येतात. प्लग बदलताना तारा एकेक करूनच काढायच्या, हा प्रत्येक शिकाऊ मेकॅनिकचा पहिला धडा याच क्रमामुळे.

२०/ आकडे पाहिले की या यंत्राविषयी आदर वाटू लागतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांना चार सिलिंडरांसाठी सेकंदाला १०० ठिणग्या. म्हणजे पॉइंट सेकंदाला शंभरदा मिटतात आणि उघडतात. एका ठिणगीसाठी कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा साधारण एक रुपयाचे नाणे मीटरभर उचलण्याइतकीच. आणि ती ठिणगी किती आधी टाकायची, हे चालकाच्या दांडीऐवजी आता डिस्ट्रिब्युटरच ठरवी : वेग वाढला की त्याच्या पोटातली दोन वजने बाहेर फेकली जात आणि त्यांच्या ओढीने कॅम थोडा पुढे सरके.

२१/ पावसाळ्यात या रचनेची खरी परीक्षा होई. वीस हजार व्होल्टला पळवाट हवीच असते. टोपीला बारीक तडा गेला आणि त्यात ओलावा शिरला, की वीज प्लगाऐवजी तिथून सांगाड्यात उतरते. जुन्या, भेगाळलेल्या तारा असलेल्या गाडीचे बॉनेट अंधारात उघडले तर तारांवरून निळसर लकाकी सरकताना दिसे. तुंबलेल्या पाण्यातून बाहेर पडलेली टॅक्सी कडेला लावून टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणारा चालक, हे मुंबईच्या जुलैचे एक ठरलेले दृश्य होते. पॉइंट पॉलिश पेपरने घासणे आणि हाताशी गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीने फट लावणे हे ज्ञान चालकांच्या पिढ्यांनी एकमेकांना दिले. प्लग काढून त्याचा रंग वाचणे हेही त्यातलेच. फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक; काजळी असेल तर पेट्रोल जास्त; पांढरा पडला असेल तर इंजिन तापते आहे.

२२/ १९१४ चे प्रतिस्पर्धी इथे शेजारी होऊन आले, हेही गमतीचे. बॉशच्या सहभागाने १९५१ मध्ये बंगळूरला ‘मायको’ सुरू झाली. तिचे प्लग देशभर गेले. नाशिकचे मायको सर्कल याच नावावरून. लुकासने १९६१ मध्ये मद्रासच्या टीव्हीएस घराण्याबरोबर लुकास-टीव्हीएस काढली आणि कॉइल, डिस्ट्रिब्युटर इथेच बनू लागले. महायुद्धात ज्यांच्यापायी दोन साम्राज्ये एकमेकांकडे संशयाने पाहत होती, त्यांचे वारसदार एकाच भारतीय इंजिनावर गुण्यागोविंदाने काम करत होते.

२३/ शेवट झाला तो ट्रान्झिस्टरमुळे. पॉइंट झिजतात, फट बदलते, फट बदलली की ठिणगीची वेळ बदलते आणि अर्धवट जळलेले पेट्रोल धुरावाटे बाहेर जाते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा हा दोष परवडेनासा झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. आपल्याकडे हा बदल पुढच्या दोन-तीन दशकांत झाला. नंतर डिस्ट्रिब्युटरही गेला. आता बहुतेक पेट्रोल मोटारींत प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर स्वतःची कॉइल असते आणि त्या लांब काळ्या ताराच उरलेल्या नाहीत. त्या कॉइलच्या आत मात्र अजूनही दोन गुंडाळ्या आहेत आणि प्रवाह अजूनही तोडलाच जातो.

२४/ मुंबईतील अखेरच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. घरी किंवा गल्लीत एखादी जुनी पद्मिनी, अॅम्बॅसेडर किंवा जीप उभी असेल, तर इंजिन बंद ठेवून टोपीच्या दोन क्लिपा काढून पाहा. रोटरचे पितळी टोक आणि टोपीच्या आतली जळकी टोके यांतून त्या गाडीने किती ठिणग्या वाटल्या, याचा अंदाज येतो. टोपी परत लावताना खाच जुळवायला विसरू नका.